घरच्या भट्टीवर स्कॉटिश तलवार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. गेली काही वर्षं स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगजवळ राहतो आणि घरामागच्या शेडमध्ये लोहारकाम करतो. तलवारी बनवणं हा माझा धंदा नाही, छंद आहे. तो मी मनापासून करतो. इकडची आणि महाराष्ट्रातली मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हे लिहितोय.

स्कॉटिश तलवार म्हणजे नेमकी कोणती? ती दोन हातांनी धरतात तीच ना?

ती एक, आणि दुसरीही आहे. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती दोन हातांची मोठी तलवार. गेलिक भाषेत तिला 'क्लायव मोर' म्हणतात, म्हणजे सरळसरळ 'मोठी तलवार'. इंग्रजांच्या तोंडी त्याचं 'क्लेमोर' झालं. हिचा काळ साधारण १५व्या शतकाच्या अखेरीपासून १७व्या शतकापर्यंतचा. लांबी सव्वा ते दीड मीटर, वजन अडीच किलोच्या आसपास. तिचे आडवे दांडे पात्याकडे तिरके झुकलेले असतात आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला चार पाकळ्यांचं कोरीव फूल असतं. ही खूण दिसली की तलवार डोंगराळ स्कॉटलंडची, म्हणजे हायलँड्सची, हे लगेच कळतं.

दुसरी तलवार एका हाताची आहे. पातं रुंद आणि दुधारी, आणि मुठीवर हाताचा पंजा पूर्ण झाकणारा लोखंडी पिंजरा. १६८९ सालच्या किलीक्रँकीच्या लढाईत, १७४५ला प्रेस्टनपॅन्सला आणि १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर हायलँडर धावून गेले ते मुख्यतः ही तलवार उजव्या हातात आणि कातड्याने मढवलेली गोल ढाल डाव्या हातात घेऊन. १८व्या शतकात हिलाही 'क्लेमोर' म्हणत, त्यामुळे आजही घोळ होतो. मी हिला 'पिंजऱ्याची तलवार' म्हणतो. पुढचं बरंचसं लिखाण तिच्याविषयीच आहे.

पहिल्यांदा कोणती करायला घेऊ?

पहिल्यांदा तलवार करूच नका. आधी दोन-तीन साधे सुरे करा. मग एक 'डर्क' करा. डर्क म्हणजे हायलँडरच्या कमरेला असायचा तो लांब, एकधारी सुरा. पातं एक फुटाच्या आसपास, टोकाकडे निमुळतं. मोडलेल्या तलवारीचं पातं कापून त्याचा डर्क करायची रीत तिकडे होतीच. डर्क नीट जमला म्हणजे भट्टीची धग, पोलादाचा रंग आणि हाताचा जोर यांचा मेळ बसला असं समजा.

त्यानंतर पिंजऱ्याची तलवार. दोन हातांची तलवार दिसायला सोपी आहे, तिची मूठ साधी आहे. पण एक मीटरहून लांब पात्याला घरी एकसारखं पाणी देणं, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक करणं, फार अवघड जातं. मी तो हट्ट एकदा केला आणि पात्याचे तीन तुकडे झाले.

पातं विकत आणून फक्त मूठ घडवली, तर ती 'खरी' स्कॉटिश तलवार होईल का?

हा प्रश्न लोक जरा ओशाळून विचारतात. ओशाळायचं काहीच कारण नाही, कारण खुद्द स्कॉटलंडमध्ये बहुतेक वेळा असंच होत असे.

पिंजऱ्याच्या तलवारींची पाती मोठ्या प्रमाणात जर्मनीतल्या झोलिंगेन गावाहून यायची. कितीतरी पात्यांवर 'आंद्रेआ फेरारा' असं नाव कोरलेलं दिसतं. या नावाचा नामांकित कारागीर १६व्या शतकात उत्तर इटलीतल्या बेलुनो भागात खरोखर होऊन गेला. पुढे त्याचं नाव चांगल्या पात्याची हमी म्हणून वाटेल त्या स्पेलिंगात ठोकलं जाऊ लागलं. म्हणून १७व्या-१८व्या शतकातल्या पात्यावर ते नाव दिसलं तरी पातं त्याच्या हातचं आहे असं मानायचं नाही.

मग स्कॉटिश काय होतं? मूठ. ग्लासगो आणि स्टर्लिंग ही मुठींची दोन मोठी केंद्रं. तिथले कारागीर 'हॅमरमेन' नावाच्या संघटनेत असत. हॅमरमेन म्हणजे हातोडा चालवणाऱ्या सगळ्यांची पेठ : लोहार, शिकलगार, खोगिराचं धातूकाम करणारे, सगळे त्यात. परीक्षेचं काम स्वतः करून दाखवल्याशिवाय त्यात प्रवेश मिळत नसे. ग्लासगोचे सिम्प्सन आणि स्टर्लिंगचे अ‍ॅलन ही त्यातली मोठी घराणी. वॉल्टर अ‍ॅलनच्या हातची मूठ एकदा जवळून पाहा. लोखंडाच्या पट्ट्या वेलीसारख्या वळलेल्या आहेत, एकही वळण दुसऱ्यावर चढत नाही, आणि मधून मधून पितळ जडवलेलं. संग्रहालयात तिच्या काचेसमोर मी तासभर उभा होतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं : घरी काम करणाऱ्यांचा ऐंशी टक्के वेळ पात्यावर जातो आणि मूठ शेवटच्या आठवड्यात कशीबशी उरकली जाते. हे उलटं करा. तुमची तलवार स्कॉटिश ठरणार आहे ती मुठीमुळे.

कायद्यानं चालतं का?

स्कॉटलंडमध्ये स्वतःसाठी घरी सरळ पात्याची तलवार घडवायला बंदी नाही. धंदा म्हणून विकायची असेल तर मात्र स्थानिक काउन्सिलकडून सुऱ्या-तलवारींच्या विक्रेत्याचा परवाना लागतो. सार्वजनिक जागी धारदार पातं जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. काम, धर्म आणि राष्ट्रीय पोशाख या कारणांचा बचाव १९९५च्या स्कॉटिश कायद्यात दिलेला आहे, पण आपलं कारण पटवून द्यायची जबाबदारी आपल्यावरच असते. तलवार कुठे न्यायची झाली तर मी ती गुंडाळून, बांधून, गाडीच्या डिकीत कुलूपबंद नेतो.

भारतात गोष्ट वेगळी आहे. तिथे तलवार शस्त्र कायदा, १९५९ आणि त्याखालच्या २०१६च्या नियमांतल्या शस्त्रांच्या यादीत येते. 'शोभेची आहे' म्हटल्यानं सुटका होते असं समजू नका; घरात तलवारी सापडल्यावरून महाराष्ट्रात गुन्हे नोंदले जातात. काम सुरू करण्याआधी पोलीस आयुक्तालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. तोवर नुसती पिंजऱ्याची मूठ घडवायला घ्या. त्यात शिकण्यासारखं इतकं आहे की वर्ष कसं गेलं कळणार नाही.

फ्लॅटच्या बाल्कनीत जमेल का?

नाही. गच्चीवरही नाही. भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ठिणग्या उडतात आणि घणाचा आवाज चार घरं ओलांडून जातो. वरून छप्पर, दोन बाजू उघड्या, खाली माती किंवा काँक्रीट, अशी जागा हवी. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. मी रविवारी सकाळी हातोडा धरत नाही.

हत्यारं कोणती लागतात?

भट्टी, ऐरण, दोन हातोडे (एक किलोचा आणि अर्ध्या किलोचा), दोन-तीन प्रकारच्या सांडशी, मजबूत वाइस, कानशी, अँगल ग्राइंडर, ड्रिल, लोहचुंबक. जमलं तर बेल्ट ग्राइंडर. ऐरण मिळाली नाही तर रेल्वेरुळाचा तुकडा उभा पुरून त्यावरही काम होतं. तुकडा मात्र भंगारवाल्याकडून पावतीसह घ्या.

भट्टी पात्याइतकी लांब असावी लागते हा गैरसमज आहे. ठोकताना एका वेळी वीतभर भागच तापवायचा असतो. त्याहून जास्त तापवला तर तेवढा ठोकून होईपर्यंत बाकीचा उगाच जळतो. लांब भट्टी लागते ती फक्त पाणी देताना. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

अंगात सुती कपडे, पायात चामड्याचे बूट, डोळ्यांवर चष्मा. नायलॉनचा शर्ट घालून भट्टीजवळ जायचं नाही. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड भट्टीत कधीही घालू नका, त्याचा धूर विषारी असतो.

पोलाद कोणतं घेऊ? ट्रकचा कमानपाटा चालेल का?

स्प्रिंगचं पोलाद घ्या. तलवारीला कडकपणापेक्षा लवचिकपणा जास्त हवा. वाकून परत सरळ व्हायला हवं. ब्रिटनमध्ये 'ईएन ४५' फार वापरतात, ते सिलिकॉन-मँगनीजचं स्प्रिंग पोलाद आहे. अमेरिकन '५१६०' क्रोमियमचं आहे. त्यात कार्बन साधारण ०.६ टक्के असतो आणि नवशिक्याच्या चुका ते बऱ्यापैकी पोटात घालतं. सहा मिलिमीटर जाड, चाळीस मिलिमीटर रुंद आणि पाऊण मीटर लांब पट्टी घेतली की ठोकून घडवायच्या एका तलवारीला पुरते, कारण ठोकताना ती लांबते.

कमानपाटा चालतो. आमच्याकडे गावात कोयते, कुऱ्हाडी त्याच्याच होतात. पण जुन्या पाट्याने लाखो हेलकावे खाल्लेले असतात आणि आत केसाएवढ्या चिरा असू शकतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी देताना 'टिंग' आवाज येतो तेव्हाच कळतं. कोयत्याच्या वीतभर पात्यात एखादे वेळी निभावून जाईल, तीन फुटांच्या पात्यात नाही. एवढी मेहनत करणार असाल तर नवीन पट्टी आणा आणि कोणत्या जातीचं पोलाद आहे ते दुकानदाराकडून लिहून घ्या. जात माहीत नसेल तर पाणी किती अंशावर द्यायचं हेच कळणार नाही.

साधं सळईचं लोखंड घेऊ नका, त्याला पाणीच चढत नाही. मुठीला मात्र तेच योग्य.

मापं सांगा.

पिंजऱ्याच्या तलवारीची मी वापरतो ती मापं : पातं ८२ ते ८५ सेंटिमीटर लांब, मुठीपाशी साडेतीन सेंटिमीटर रुंद. संपूर्ण तलवारीचं वजन सव्वा किलोच्या आसपास. दीड किलोच्या वर गेली तर हातात जड पडते.

जाडीकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. मुठीपाशी साडेपाच-सहा मिलिमीटर, मध्यावर चार आणि टोकाजवळ जेमतेम अडीच अशी जाडी उतरत गेली पाहिजे. सगळीकडे सारख्याच जाडीची पट्टी ठेवली तर तलवार पहारीसारखी वाटते. तयार तलवार एका बोटावर तोलली तर तोल पिंजऱ्यापासून आठ ते बारा सेंटिमीटर पुढे यावा.

आणि टँग, म्हणजे मुठीच्या आत जाणारा पात्याचा निमुळता भाग. तो खांद्यापाशी निदान दोन सेंटिमीटर रुंद ठेवा. पातं आणि टँग जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात कापू नका, गोल कानशीनं गोलसर करा. तलवारी मोडतात त्या बहुतेक इथेच. पातळ सळई वेल्ड करून टँग बनवलेली तलवार हातात धरूसुद्धा नका.

ठोकूनच घडवायला हवी का? पट्टी ग्राइंडरनं घासून आकार दिला तर?

घासून केलेली तलवारही चांगली होते. पोलादाचा चांगुलपणा ठरतो तो पाणी देताना. ठोकल्यानं पोलाद 'घट्ट' होतं हा जुना समज आहे, आजच्या कारखान्यातल्या एकजीव पोलादाला तो लागू नाही. मी ठोकतो, कारण जाडीचा उतार हातोड्यानं काढला की माल वाया जात नाही आणि मला ते काम आवडतं. लहानपणी गावच्या लोहाराकडे नांगराचा फाळ शेवटायला नेला की मी भाता ओढायला बसायचो. हातोड्याचा नाद तिथेच लागला.

ठोकताना रंग पाहा. पिवळसर नारिंगी असताना जोरात ठोका, लाल होत आला की हलक्या हातानं फक्त सरळ करा, आणि काळपट लाल झाला की थांबा. तेव्हा ठोकलं तर चीर पडते. ठिणग्या उडायला लागल्या तर पोलाद जळलं, तेवढा भाग कापून टाका. धार ठोकायला लागलात की पातं विरुद्ध बाजूला वाकतं. दुधारी पात्याच्या दोन्ही बाजू आलटून पालटून घ्या.

पात्यावरची मधली पन्हळ रक्त वाहून जावं म्हणून असते ना?

नाही. पन्हळीमुळे वजन कमी होतं आणि पात्याचा ताठपणा टिकतो.

पाणी कसं द्यायचं?

आता मन लावून वाचा.

'पाणी देणे' असं आपण म्हणत असलो तरी ही पोलादं पाण्यात बुडवायची नाहीत, तेलात बुडवायची. पाण्यात ती तडकतात.

सगळ्यात आधी ताण काढा. ठोकून झालेलं पातं चुंबक चिकटेनासा होईल त्याच्या थोडं वरपर्यंत तापवायचं आणि हवेत टांगून काळं होईपर्यंत थंड होऊ द्यायचं. हे तीनदा, दर वेळी आच थोडी कमी. यानं आतला दाणा बारीक होतो. कंटाळा येतो, पण टाळू नका. मग घासून आकार पक्का करा. धारेला अजून धार लावायची नाही. तिथे रुपयाच्या नाण्याइतकी जाडी शिल्लक ठेवा. पातळ कड तेलात जाताच लाटेसारखी वळते.

पोलाद साधारण ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटायचं थांबतं. ५१६०ला याहून वर, ८३० अंशांच्या आसपास न्यायचं. ईएन ४५ला आणखी जास्त, साधारण ९०० अंश. संपूर्ण पातं एकाच वेळी एकाच रंगाचं दिसलं पाहिजे, आणि घरी अडतं ते इथेच. मी जमिनीत लांब चर खणून कोळशाची भट्टी करतो, तिच्यात जाड लोखंडी पाइप ठेवतो आणि पाइपच्या आत पातं. पाइपमुळे आच सगळीकडे सारखी लागते. अंधार पडायला लागला की हे काम करा. भर उन्हात लाल रंग कळत नाही.

तेल उभ्या पाइपात असावं. पातं उभं, सरळ, एका दमात आत जायला हवं. तिरकं गेलं तर वाकडं होतं. सहा इंची, खाली झाकण वेल्ड केलेला, मीटरभराहून थोडा उंच लोखंडी पाइप घेतला तर वीसेक लिटर तेल लागतं. तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून घ्या, थंड तेल घट्ट असतं आणि उष्णता हळू ओढतं. पातं आत जाताना वर ज्वाळा उठतात. घाबरून अर्ध्यात बाहेर काढलंत तर आगही वाढते आणि पातंही जातं. पूर्ण आत घाला. पाइपचं लोखंडी झाकण हाताशी ठेवा, म्हणजे आग दबते. तेलाच्या आगीवर पाणी ओतायचं नाही. सोबत एक जाणता माणूस हवाच, मी हे काम एकट्यानं करत नाही.

तेलातून निघालेलं पातं काचेसारखं कडक असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून लगेच, त्याच दिवशी, कडकपणा उतरवायचा. तलवारीला रॉकवेल सी मापावर ४८ ते ५२ एवढा कडकपणा पुरे. ५१६०साठी त्याला साधारण ३७० ते ४२५ अंशांची आच दोन-दोन तास, दोन वेळा द्यावी लागते. स्वयंपाकघरातला ओव्हन एवढा तापत नाही, आणि तेवढा लांबही नसतो.

यावर माझा सल्ला : पाणी देणं आणि उतरवणं ही दोन्ही कामं हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यातून करून घ्या. भोसरीत, शिरोलीत अशी कामं रोज होतात, ब्रिटनमध्येही टपालानं पातं पाठवता येतं. कायद्याची बाजू वर सांगितलीच आहे. पोलादाची जात आणि हवा असलेला कडकपणा कागदावर लिहून द्या. यात कमीपणा नाही. जुन्या काळीही पातं घडवणारा, पाणी देणारा आणि घासणारा हे झोलिंगेनमध्ये वेगवेगळे कारागीर असत.

तेलातून काढल्यावर पातं वाकडं निघालं. आता?

ते अजून गरम असेल, साधारण दीडशे-दोनशे अंशांवर, तर जाड हातमोजे घालून हळूहळू दाबत सरळ करता येतं. मिनिटभराचाच वेळ मिळतो. थंड झाल्यावर दाबलं तर मोडेल. मग कडकपणा उतरवताना सरळ पट्टीला क्लँपनं बांधून न्या. थोडा बाक राहिला तर राहू द्या. संग्रहालयातल्या जुन्या पात्यांकडे टोकाकडून पाहिलं तर तीही अगदी सरळ नसतात.

चीर दिसली तर मात्र पातं बाद. चिरेवर वेल्डिंग करू नका. चीर नसलेल्या भागाचा डर्क करा.

पातं पक्कं झालं हे कसं ओळखायचं?

टोक वाइसमध्ये लाकडी फळ्यांमध्ये धरून पातं दहा-पंधरा सेंटिमीटर बाजूला वाकवा. सोडल्यावर सरळ यायला हवं. मग सपाट बाजूनं ओंडक्यावर चार-पाच जोरदार फटके. तोंडावर पूर्ण मुखवटा, समोर कुणी नको. मोडायचंच असेल तर ते इथे मोडलेलं बरं, मूठ बसवण्याआधी.

पिंजऱ्याची मूठ कशी करायची?

आधी पुठ्ठा. खरंच, आठवडाभर फक्त पुठ्ठा आणि कात्री. पिंजरा म्हणजे काय हे कागदावर बघून कळत नाही. तो तुमच्या मुठीभोवती उभा राहतो : बोटांपुढे एक मुख्य पट्टी, दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणारे फुलीच्या आकाराचे तुकडे आणि मध्ये चौकोनी ढालीसारखे पत्रे. या पत्र्यांना गोल भोकं आणि बदाम कापलेले असतात, पत्त्यातल्या बदामासारखे. सगळ्या पट्ट्यांची वरची टोकं मुठीच्या बोंडाला, म्हणजे मुठीच्या टोकाच्या जाड गाठीला, असलेल्या खाचेत अडकतात.

तुमच्या हाताचं माप घ्या. पकड फक्त नऊ-दहा सेंटिमीटरची असते, आणि पिंजऱ्यात आतून अस्तर येणार हे धरून प्रत्येक बाजूला बोटभर जागा जास्त ठेवा. माझा पहिला पिंजरा देखणा झाला होता. हात आत गेला, पण अस्तर लावल्यावर जाईना. सगळा कापून पुन्हा केला.

पुठ्ठ्याचे साचे पक्के झाले की साध्या लोखंडाच्या अडीच-तीन मिलिमीटर पत्र्यावर उतरवा. भोकं आणि बदाम पत्रा सपाट असतानाच पाडा. आधी दोन भोकं शेजारी पाडायची, मग बारीक कानशीनं खालचं टोक काढायचं, बदाम तयार. त्यानंतर पत्रा लाल करून ओंडक्यात खणलेल्या खळग्यात लाकडी हातोड्यानं फुगवायचा. पट्ट्यांना बाक द्यायला मी गोल पाइपचा तुकडा वापरतो.

जोड पितळेनं झाळा. जुनी कामं तशीही आहेत आणि भट्टीत वेल्ड केलेलीही आहेत. सांधा घासून चकचकीत करा, टाकणखार लावा, बारीक तारेनं बांधा, दोन्ही तुकडे सारखे लाल झाले की पितळ पाण्यासारखं आत पळतं. एका जोडाला आच देताना शेजारचा सुटतो. त्यावर ओल्या मातीचा लेप देऊन ठेवा. विजेचं वेल्डिंग सोपं आहे, पण त्याच्या गाठी घासून काढताना पट्टी पातळ होते आणि नजरेला ते खटकतं.

ग्लासगोच्या पद्धतीत बोंड शंकूसारखं आणि मांडणी नेटकी, चौकटीची. स्टर्लिंगच्या पद्धतीत नागमोडी वळणं. पहिल्यांदा ग्लासगोची करा.

मुठीवर शार्कचं कातडं हवं का?

जुन्या मुठींवर माशाचं खरबरीत कातडं असतं, बहुतेकदा पाकटाचं किंवा शार्कचं. आज यातले बरेच मासे संरक्षित आहेत. मी बकऱ्याचं पातळ कातडं वापरतो. लाकडी पकडीवर तिरक्या खाचा कोरायच्या, ओलं कातडं सरस लावून चढवायचं, खाचांतून सुतळी घट्ट गुंडाळून वाळू द्यायचं. वाळल्यावर सुतळी काढून त्याच खाचेत पीळ दिलेली पितळी तार. पिंजऱ्याच्या आत हरणाच्या कातड्याचं किंवा लाल बनातीचं अस्तर असायचं. ते शोभेसाठी नाही, बोटांची सालं निघू नयेत म्हणून आहे.

जोडल्यावर मूठ खडखडते.

पिंजऱ्याच्या तळाची खाच टँगपेक्षा मोठी झाली. पातळ कातड्याच्या चकत्या घाला, लाकडी पकडीत पाचर मारा. शेवटी टँगचं टोक बोंडातून दोन-तीन मिलिमीटर वर काढून रिपिटासारखं ठोकून पसरवायचं असतं. त्या टोकाला पाणी दिलेलं नसावं, नाहीतर ठोकताना तडकेल. खडखड राहिली तर पुन्हा उघडा. ढिली मूठ दर फटक्याला आणखी ढिली होते.

धार लावू का?

भिंतीवर टांगणार असाल तर नको.

किती दिवस लागतील?

शनिवार-रविवार काम करून मला पातं दोन महिने आणि मूठ चार महिने लागते. तुम्हाला पहिल्या खेपेला वर्ष लागलं तर ते रास्त आहे.

आपल्या मराठी तलवारीशी हिचं काही नातं आहे का?

आहे, आणि मला या कामाकडे ओढणारं तेच आहे. आपल्याकडची 'फिरंग' आठवा. सरळ, लांब, युरोपात घडलेलं पातं, पोर्तुगीजांच्या व्यापारातून किनाऱ्यावर उतरलेलं, आणि त्यावर इथल्या कारागिरानं बसवलेली इथली मूठ : रुंद परज, बोटांपुढची पट्टी, वर बोंडातून निघालेला दांडा. म्हणजे त्याच काळात युरोपातल्या त्याच गावांची पाती एकीकडे हायलँड्सच्या डोंगरात आणि दुसरीकडे दख्खनच्या डोंगरात येत होती. दोन्हीकडच्या लोकांनी पातं परक्याचं घेतलं आणि हात जिथे बसतो तो भाग आपल्या पद्धतीनं घडवला.

या दोन तलवारींची गाठही पडली, तीही आपल्याच मातीत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्लीच्या बाजूनं ७४वी आणि ७८वी हायलँडर पलटण उभी होती. हायलँड पलटणींच्या अधिकाऱ्यांची तलवार हीच, पिंजऱ्याच्या मुठीची. स्कॉटिश पलटणींचे अधिकारी आजही समारंभात ती बाळगतात.

खऱ्या तलवारी कुठे पाहायला मिळतील?

ग्लासगोचं केल्विनग्रोव्ह संग्रहालय आणि एडिनबरोचं नॅशनल म्युझियम, दोन्हीकडे प्रवेश विनामूल्य आहे. स्टर्लिंगच्या वॉलेस स्मारकात स्कॉटिश वीर विल्यम वॉलेसची म्हणून जपलेली १.६३ मीटर लांबीची तलवार आहे. ती वेगवेगळ्या काळातल्या तुकड्यांची जोडलेली असावी असं अभ्यासक मानतात, तरी पाहाच. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात आपली शस्त्रं आहेत. जाताना मोजपट्टी, वही आणि पेन्सिल न्या. काचेला नाक लावून पट्ट्यांची जाडी कुठे बदलते ते बघा, पिंजरा खालून कसा जोडलाय ते बघा, आणि तिथेच उभं राहून काढून घ्या. फोटोत आतली बाजू कधीच येत नाही.